राजाचे अपुरे राहिलेले काम

बँकेत असताना शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज समोर आला, की माझी नजर आधी एकाच रकान्याकडे जाई : पाण्याची सोय. तिथे विहीर किंवा तलाव असला, की जीव भांड्यात पडे. नुसताच पाऊस असला, की पेन थबके. कोल्हापूरच्या एका राजाने अख्ख्या संस्थानाचा हा रकाना भरायला घेतला होता.

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. जन्म २६ जून १८७४. वयाच्या दहाव्या वर्षी करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. १८९४ साली राज्यकारभार हाती आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ दारात उभा राहिला. पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली. पण वाटलेले धान्य संपते. अडवलेले पाणी पुढच्या पेरणीलाही पुरते.

१९०२ साली त्यांनी संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरवले, स्वतंत्र अधिकारी नेमला. जुन्या विहिरी, गावतळी यांची पाहणी आणि डागडुजी सुरू झाली. गावतळ्याचा मातीचा बांध दिसायला साधा असतो. पोटात काळी चिकणमाती, वर मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड आणि जादा पाण्यासाठी सांडवा. सांडवा तुंबला, तर पाणी बांधावरून उतरते आणि कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत वाहून जाते. बांध घालणे सोपे, राखणे अवघड.

पुढे महाराजांनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधायला घेतले. कन्या राधाबाईंच्या नावावरून तिथे राधानगरी वसवली. काही वर्षे काम चालले, भिंत वर आली आणि पैशांअभावी थांबली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय अवघे सत्तेचाळीस. पुरे झालेले धरण त्यांनी पाहिले नाही. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात.

आज त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. ज्याने पाया घातला, त्याला ते काम तडीस गेलेले पाहता आले नाही. या कर्जाची वसुली करायला कोणी येणार नाही. फेडायचे ते आपणच. येत्या उन्हाळ्यात गावच्या तळ्यावर मुलांना घेऊन जा. सांडव्यात झुडपे माजली असतील, तर पावसाआधी काढून टाका. एक हप्ता तरी भरल्यासारखे होईल.