सम्राटाला प्रायश्चित्त घ्यायला लावणारा बिशप

इ. स. ३७४ मध्ये मिलानचा बिशप ऑक्झेन्टियस मरण पावला आणि त्याच्या वारसाच्या निवडीवरून शहर दुभंगले. ख्रिस्त ईश्वराच्या बरोबरीचा, की ईश्वराने निर्माण केलेला, असा तो वाद. दुसरे मत मानणारे ते एरियन, ऑक्झेन्टियस त्यांच्यापैकीच. दंगल होऊ नये म्हणून प्रांताचा राज्यपाल अँब्रोस स्वतः चर्चमध्ये गेला आणि जमावाने त्यालाच बिशप निवडले. त्याचा तोवर बाप्तिस्माही झालेला नव्हता! तो घाईघाईने उरकून ७ डिसेंबरला त्याला बिशपपदाची दीक्षा देण्यात आली.

पुढच्याच वर्षी सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन वारला. थोरला मुलगा ग्रेशियन जेमतेम सोळा वर्षांचा; त्यात सेनाधिकाऱ्यांनी चार वर्षांच्या धाकट्या व्हॅलेंटिनियनलाही सम्राट घोषित केले. ३८३ मध्ये बंडखोर मॅक्सिमसच्या माणसांनी ग्रेशियनला ठार मारले. मिलानच्या गादीवर उरला तो बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या वतीने बोलणी करण्यास मॅक्सिमसकडे कोण गेले, तर अँब्रोस.

हे उपकार राजमाता जस्टिनाने फार काळ मानले नाहीत. ती एरियन होती. ३८५-८६ मध्ये दरबाराने आपल्या पंथासाठी एक चर्च मागितले. अँब्रोसने ठाम नकार दिला. सैनिकांनी वेढा घातला, तेव्हा लोक स्तोत्रे गात आतच बसून राहिले. अखेर माघार दरबाराने घेतली.

अँब्रोसचा प्रत्येक हट्ट न्याय्य होता, असे मात्र म्हणता येत नाही. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले. ते तेथील बिशपने पुन्हा बांधून द्यावे, असा आदेश सम्राट थिओडोसियसने दिला होता. अँब्रोसने तो मागे घ्यायला लावला. त्याच्या चरित्रातील हा डाग पुसता येणारा नाही.

दोनच वर्षांनी त्याच सम्राटाशी त्याची खरी गाठ पडली. थेस्सालोनिका येथे एका लोकप्रिय सारथ्याच्या अटकेवरून जमावाने सेनाधिकारी बुथेरिकला ठार मारले. त्याचा सूड म्हणून सैनिकांनी शहरवासीयांची सरसकट कत्तल केली. एका इतिहासकाराने मृतांचा आकडा सात हजार दिला आहे. सम्राटाला अँब्रोसने चर्चच्या दारात अडवले, ही चित्रकारांची आवडती कथा नंतरची. प्रत्यक्षात त्याने स्वहस्ते एक खासगी पत्र लिहिले आणि प्रायश्चित्त घेतल्याखेरीज आपण सम्राटासमोर प्रभुभोजनाचा विधी करणार नाही, असे कळवले. साम्राज्याचा धनी काही महिने राजचिन्हांविना, पश्चात्ताप करणाऱ्यांत मोडला गेला. ३९० च्या नाताळाच्या सुमारास त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

३९२ मध्ये तरुण व्हॅलेंटिनियन गळफास लागलेल्या अवस्थेत आढळला; आत्महत्या की खून, हा वाद मिटलेला नाही. जानेवारी ३९५ मध्ये थिओडोसियस मिलानमध्येच निवर्तला. दोघांचीही अंत्यभाषणे अँब्रोसनेच केली. दुसऱ्या वेळी दहा वर्षांचा होनोरियस उपस्थित होता, आणि बिशप सैन्याला बजावत होता, की वडिलांशी राखलेली निष्ठा आता मुलांशीही राखा.

४ एप्रिल ३९७ रोजी अँब्रोस मरण पावला. त्याने स्वतः उभारलेल्या आणि आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिलानच्या चर्चमध्ये त्याचे अवशेष आहेत.