शिडीवर बसलेला माणूस

आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना १९९३ सालचे मखर आठवत असेल. त्या वर्षी थर्माकोल नको, सगळे नैसर्गिक करायचे, असे बैठकीत ठरले आणि सजावटीचे काम माझ्या गळ्यात पडले. बांबू होते, गवत होते, शिंदीच्या झावळ्या होत्या. आणि होती सुगरणीची घरटी. तलावाकडच्या बाभळींवरून पोरांनी बावीस घरटी तोडून आणली होती. त्यातली वेडीवाकडी, अर्धवट बाजूला काढून लांब नळीची, देखणी तेवढी आम्ही निवडली आणि गणपतीच्या दोन्ही बाजूंना टांगली. भिलाईच्या इतर मंडळांतूनही लोक बघायला आले. सगळ्यांनी वाहवा केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर एका घरट्याकडे मुंग्यांची रांग जाताना दिसली. रात्री मंडप रिकामा झाल्यावर मी ते खाली काढले. आत तीन पिले होती, अजून पिसेही न फुटलेली. आणखी दोन घरट्यांत अंडी निघाली. त्याच रात्री सगळी घरटी उतरवली. सकाळी ज्यांनी विचारले त्यांना सांगितले, की मुंग्या फार झाल्या म्हणून काढली. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे आज लिहितो आहे.

आम्हाला वाटले होते की घरटी रिकामी असतात. कुठली रिकामी आणि कुठली नांदती हे झाडाखाली उभे राहून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, हे मला ठाऊकच नव्हते. ते नंतर एका बंगाली सहकाऱ्याने वाचायला दिलेल्या पुस्तकातून कळले. पुस्तक डॉ. सलीम अली यांचे होते. नाव अर्थातच ऐकलेले होते. सुगरणीचे सगळे गुपित त्यांनी उलगडले ते आमच्या अलिबाग तालुक्यात, किहीमला, हे मात्र नवीन होते. माझे आजोळ तिथून जवळच. लहानपणी त्या भागातल्या माडांवरचे खोपे आम्ही दगड मारून पाडलेले आहेत. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांना गिरगावातल्या खेतवाडीत आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याला त्यांनी छऱ्याची बंदूक घेऊन दिली आणि मुलाचा सगळा दिवस चिमण्यांच्या मागे जाऊ लागला.

याच वयातली एक गोष्ट त्यांनी स्वतः टिपून ठेवली होती आणि पुढे मोठेपणी ती न लपवता छापूही दिली. तबेल्याच्या भिंतीत एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. नऊ-दहा वर्षांच्या सलीमने घोडागाडीच्या आडोशाने नेम धरून नराला पाडले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही पाडले. तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि दर वेळी खिळ्यावर नवा पहारेकरी हजर. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला. पण पुन्हा वाचली तेव्हा दुसरेच लक्षात आले. मुलगा सात दिवस एकाच घरट्यावर नजर ठेवून होता, आणि जे दिसले ते त्याने तारखेसारखे लिहून ठेवले होते. बघण्याची चिकाटी तेव्हाच होती. हातातली बंदूक तेवढी खाली ठेवायची राहिली होती.

एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग खायला चालते की नाही, असा त्याला प्रश्न पडला. मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीच्या कचेरीत पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. साहेबाच्या कचेरीत भीत भीत शिरलेला मुलगा पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे त्या संस्थेचा होऊन राहिला. पीतकंठी चिमणी म्हणतात ती हीच.

शिक्षणात मात्र गाडी अडखळतच चालली. १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. गणिताची धास्ती कायमची. कॉलेज अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात तव्हॉयला, घरच्या टंगस्टनच्या खाणीच्या आणि इमारती लाकडाच्या धंद्यात मदतीला गेले. धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष तिथल्या जंगलात अधिक होते, आणि धंदा चालला नाही हे सांगायला नकोच. परत आल्यावर हिशेबनिशीचा अभ्यास आणि त्याच्या जोडीने सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असे दोन्ही केले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झाले. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण रीतसर पदवी नाही म्हणून ती हुकली. आपल्यापैकी ज्यांनी बढतीच्या मुलाखतीत अनुभवापेक्षा कागद भारी ठरताना पाहिला आहे, त्यांना याचे दुःख वेगळे सांगायला नको. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना गाईड-लेक्चरर म्हणून घेतले. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी अभ्यासाची रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. ज्याच्यावर पुढचे आयुष्य उभे राहिले ते शिक्षण हेच.

१९३० मध्ये ते परत आले तर नोकरीच नव्हती. पैशाअभावी म्युझियमने ती जागाच रद्द केली होती. वय तेहेतीस, लग्न झालेले, परदेशी शिकून आलेले, आणि कुठेच काम नाही. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून नवरा-बायको समुद्रापलीकडे किहीमला जाऊन राहिले.

किहीम ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. माड, सुरू, वाडीतल्या वाटा, आणि आषाढात दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. दुसरा कुणी असता तर पडवीत बसून अर्ज लिहीत राहिला असता. सलीम अलींनी झाडाजवळ शिडी उभी केली, तिच्यावर मचाणासारखी आडोशाची बैठक केली आणि तिथे तासन् तास बसू लागले. त्या पावसाळ्यात त्यांनी दुसरे फारसे काही केले नाही. हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, नुसते बघायचे आणि वहीत लिहायचे. पाखरांना त्या आडोशाची सवय झाली आणि त्यांचे व्यवहार त्याच्यासमोर बिनदिक्कत चालू राहिले.

तोवर लोक काय समजत होते? नर-मादी मिळून एक घरटे बांधतात. शेजारी जी अर्धवट घरटी लोंबतात ती नराच्या विसाव्यासाठी किंवा झोके घ्यायला. आतल्या चिखलाच्या गोळ्यांबद्दल तर अशी समजूत होती, की त्यात काजवे चिकटवून सुगरण रात्री दिवा लावते. शिडीवरून दिसले ते निराळेच होते.

विणतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. एरवी तो चिमणीसारखाच दिसतो. गवताच्या, भाताच्या, माडाच्या पात्यांच्या लांब हिरव्या चिरफळ्या काढून तो शेकडो फेऱ्या करतो. आधी फांदीला गाठ, मग कडे, मग वरून छत. इथवर आले की घरटे उलट्या टोपासारखे दिसते आणि खाली आडवी दोरी असते झोपाळ्याच्या फळीसारखी. या टप्प्यावर तो थांबतो. का, तर माद्या येतात त्या आताच. अनेक नर आपापल्या टोपांना लटकून पंख फडफडवत कलकलाट करतात, आणि मादी एकेका टोपात शिरून विणकाम ओढून, चाचपून बघते. पसंत पडले नाही तर सरळ निघून जाते. नाकारलेला टोप तसाच लोंबत राहतो. अर्धवट घरट्यांचे कोडे हे एवढेच होते.

पसंत पडले तर नर पुढे कामाला लागतो. अंड्यांची खोली पुरी करतो आणि खाली प्रवेशाची लांब नळी विणतो. मादी आतले थोडे अस्तर घालते, दोन ते चार अंडी देते आणि एकटीच उबवते. नराचे काय? तो शेजारी दुसरा टोप विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. जमले तर तिसरीही. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्ष्यांच्या जगात त्यांचे नाव झाले. नोकरी टिकली असती तर हा पावसाळा त्यांना मिळालाच नसता, हे त्यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने मान्य केले.

आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण म्हटले, बाईचे नाव दिले. बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे, तीही या कसबाचे श्रेय आईलाच देते. विणणारा बाप निघाला, हे आमच्या घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, की पारखणारी तर तीच ना! यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पण मला या अभ्यासातून जे कळले ते वेगळे होते. नळी नसलेले, टोपासारखे घरटे बहुधा नाकारलेले. लांब नळीचे पुरे घरटे म्हणजे संसार थाटलेला. आम्ही १९९३ मध्ये काय केले होते? नाकारलेली बाजूला टाकली आणि देखणी, लांब नळीची निवडून घेतली. म्हणजे नेमकी नांदती घरे.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना बरेचसे ठाऊक आहे. संस्थानिकांच्या मदतीने त्यांनी एकेका प्रदेशातले पक्षी नोंदवायला घेतले. सुरुवात १९३१ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातून झाली, म्हणजे आपला मराठवाडाही त्यात आला. तंबूतल्या मुक्कामांवर तेहमिनाबाई बरोबर असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. पन्नाशीही न गाठलेला हा माणूस पुन्हा लग्नाच्या वाटेला गेला नाही. बहीण कमू आणि मेहुणे यांच्याकडे राहिला आणि कामात बुडाला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, ज्याने आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या हातात दुर्बीण दिली. डिलन रिप्ली यांच्यासह केलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात आला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. भरतपूरचे अभयारण्य राखण्यात आणि केरळातले सायलेंट व्हॅली धरणापासून वाचवण्यात त्यांच्या शब्दाचे वजन पडले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. मोटारसायकलचा षौक असा, की १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला स्वतःची सनबीम बोटीने बरोबर नेली.

एक गोष्ट लिहिली नाही तर हे चरित्र खोटे होईल. त्यांनी बंदूक कायमची टाकली नाही. सर्वेक्षणांत नमुने म्हणून पुष्कळ पक्षी त्यांनी मारले. त्या काळी शास्त्राची तीच रीत होती आणि जाती नक्की करायला दुसरा उपाय नाही असे ते म्हणत. मला हे पटते असे नाही. पण ज्याने आपले आठ चिमणे लपवले नाहीत, त्याच्याबद्दल लिहिताना मीही काही लपवू नये. २० जून १९८७ रोजी, नव्वदी गाठून, ते मुंबईत गेले. कोकणात सुगरणी विणायला लागतात ते हेच दिवस.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. घरामागे नाल्याच्या कडेला शिंदीचे एक झाड आहे. चारपाच पावसाळे त्यावर सुगरणी येत आहेत. मागच्या पडवीतून झाड पन्नासेक पावलांवर आहे. तिथे खुर्ची टाकून दुर्बिणीने बघतो. त्याच्या पुढे जात नाही. नातीने एकदा आत काय आहे ते मोबाईलने टिपायचा हट्ट धरला होता. तिला १९९३ ची गोष्ट सांगितली. घरच्यांपैकी पहिल्यांदा तिलाच.

यंदा श्रावण लागल्यावर सजावट समितीची पोरे आली. मखर पर्यावरणपूरक करायचे आहे, काका, तुमच्यामागची थोडी घरटी मिळतील का, म्हणून विचारत होती. मी त्यांना पडवीत बसवले, चहा दिला आणि दुर्बीण हातात दिली. नळी कुठल्याला आहे आणि नुसता टोप कुठला, ते दाखवले. वाऱ्याने खाली पडलेले दोन जुने खोपे दिवाळीनंतर देईन म्हटले, पुढच्या वर्षासाठी. मंडपाचा हॅलोजन आणि कर्णा यंदा नाल्याकडे तोंड करून लावायचा नाही, हेही त्यांनी कबूल केले आहे. मंडपवाल्याशी बोलणे झाले आहे.

जाताना त्यांनी घरटी मोजली. त्यांच्या मोजणीत बारा भरली, त्यात नळीची आठ. माझ्या वहीत अकरा आहेत आणि नळीची सात. एक तर रात्रीतून वाढले, नाही तर माझी नजर आता गेली. उद्या सकाळी उजाडताच सगळे पुन्हा येणार आहेत.