डॉ. डेव्हिडसन ब्लॅक

चीन देशांत पुरातन प्राण्यांच्या दगड बनलेल्या हाडांस ड्रॅगनचीं हाडें म्हणत, आणि औषधविक्रेते तीं कुटून रोग्यांस देत. आद्य मानवाच्या इतिहासाचीं किती पानें अशा रीतीनें खलांत कुटलीं गेलीं असतील, तें सांगणें अशक्य आहे. जीं वाचलीं, तीं जगापुढें मांडणाऱ्या मंडळींत डॉ. डेव्हिडसन ब्लॅक हे प्रमुख होत. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांस आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

ब्लॅक ह्यांचा जन्म कॅनडांतील टोरोंटो शहरीं २५ जुलै १८८४ रोजीं झाला. तरुणपणीं उन्हाळ्याच्या सुट्टींत ते हडसन बे कंपनीचा माल होडींतून रानांतील ठाण्यांवर पोंचवीत. १९०६ सालीं त्यांनीं वैद्यकीची पदवी मिळविली. परंतु रोग्याच्या नाडीपेक्षां मनुष्याच्या कवटीकडेच त्यांचें मन ओढ घेई. १९१४ सालीं ते मँचेस्टर येथें प्रो. एलिअट स्मिथ ह्यांच्यापाशीं अभ्यासास गेले. त्या वेळीं तेथें पिल्टडाउनच्या कवटीचा ऊहापोह चालला होता. ती कवटी बनावट होती, हें १९५३ सालीं उघडकीस आलें. खोट्या कवटीनें खऱ्या शोधाचा नाद लावावा, हा योगायोग मौजेचाच म्हणावयाचा!

१९१९ सालीं ते पेकिंग येथील युनियन मेडिकल कॉलेजांत अध्यापक झाले. हें कॉलेज अमेरिकेंतील रॉकफेलर फाउंडेशनच्या द्रव्यावर चाले. ब्लॅक ह्यांनीं शरीररचना शिकवावी, गुहा धुंडाळीत हिंडूं नये, अशी चालकांची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं.

पेकिंगच्या नैर्ऋत्येस सुमारें ५० किलोमीटरवर चौकौतिएन नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीकडे स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ अँडरसन ह्यांचें लक्ष गेलें. ऑस्ट्रियाच्या झ्डान्स्कींनीं तेथें खोदून मिळविलेल्या द्रव्यांत मनुष्याचे दोन दांत निघाले, ही वार्ता १९२६ सालीं प्रसिद्ध झाली. आतां पद्धतशीर उत्खनन करावयाचें होतें. पैसा अमेरिकेचा, विद्या अनेक देशांची, भूमि मात्र चीनची. मग सांपडेल तें कोणाचें? त्या काळीं असल्या वस्तु जहाजांत भरून युरोप-अमेरिकेस नेण्याचीच वहिवाट होती. परंतु १९२७ सालीं चीनच्या भूगर्भ खात्याशीं जो करार झाला, त्यांत सर्व अवशेष चीनच्या मालकीचे राहतील व देशाबाहेर जाणार नाहींत, असें ठरलें. खात्याचे तिंग वेन-च्यांग व वंग वेन-हाव ह्यांचा हा आग्रह ब्लॅक ह्यांनीं मनापासून मान्य केला. आमच्या मतें त्यांच्या सर्व शोधांहून ही गोष्ट मोठी आहे.

त्याच वर्षीं आसपास लढाई चालू असतां स्वीडनच्या बोहलिन ह्यांस आणखी एक दांत सांपडला. तेवढ्यावरून ब्लॅक ह्यांनीं मानवाची नवी जाति जाहीर केली. पुष्कळ विद्वानांनीं नाकें मुरडलीं. ब्लॅक तो दांत घड्याळाच्या साखळीस लावलेल्या डबींत घालून देशोदेशीं दाखवीत हिंडले. अखेर २ डिसेंबर १९२९ रोजीं सायंकाळीं, कडाक्याच्या थंडींत, पे वेन-चुंग ह्या २५ वर्षांच्या चिनी तरुणानें गुहेंतून जवळजवळ पूर्ण कवटी बाहेर काढली. तिच्यावरील दगड ब्लॅक ह्यांनीं कित्येक महिने रात्रीं जागून अलगद सोडविला. फ्रेंच धर्मगुरु तैलार द शार्दें व चिनी शास्त्रज्ञ यांग चुंग-च्येन हेहि त्यांच्याबरोबर होते. हा मानव दगडाचीं हत्यारें करी, हेंहि लौकरच सिद्ध झालें.

रात्रीच्या ह्या श्रमांनीं त्यांचें हृदय खचलें. १५ मार्च १९३४ रोजीं आपल्या प्रयोगशाळेंतच, वयाच्या ४९ व्या वर्षीं, त्यांस मृत्यु आला. पुढील काम जर्मन पंडित वायडेनराइख ह्यांनीं केलें. त्यांनीं कवट्यांचे सांचे काढून तपशीलवार वर्णनें छापलीं.

हें फार बरें झालें. कारण १९४१ सालीं, युद्धाच्या भयानें, हे अवशेष पेट्यांत भरून अमेरिकेस धाडण्याचें ठरलें, आणि त्या डिसेंबरांतील धामधुमींत त्या पेट्या नाहींशा झाल्या. त्यांचा पत्ता आजतागायत लागलेला नाहीं. झ्डान्स्कींचे दांत तेवढे स्वीडनमध्यें उप्साला येथें राहिले. ते कराराच्या पूर्वींच देशाबाहेर गेले होते. १९६६ सालीं पे वेन-चुंग ह्यांच्या देखरेखीखालीं त्याच गुहेंत पुन्हां खोदतांना कवटीचे दोन तुकडे मिळाले. हरवलेल्या एका कवटीच्या सांच्याशीं ते जुळवून पाहतां तंतोतंत बसले.