माडाचा आजार आकाशातून हेरणारे पिशारोटी

अंजनवेल (ता. गुहागर), प्रतिनिधी :

नारळीपौर्णिमा झाली की आपल्या बंदरात होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. आमच्या शेजारचे तांडेल काका हल्ली निघण्याआधी मोबाईल बघतात. त्यावर मराठीत लिहिलेलं असतं, बंदरापासून अमुक दिशेला, अमुक किलोमीटरवर, इतक्या खोलीला मासळी मिळण्याची शक्यता आहे. ही माहिती हैदराबादहून येते आणि तिचं मूळ असतं उपग्रहाने टिपलेल्या चित्रात. पण मंडळी, उपग्रह काही तांडेल काकांना फोन करत नाही. चित्र उतरवून घेणारा, ते वाचणारा, त्यातून कामाचं तेवढं काढून माणसाच्या हातात देणारा, अशी मधली साखळी लागते. आपल्या देशात ही साखळी जोडायला ज्यांनी अगदी सुरुवातीला हात घातला, त्या पी. आर. पिशारोटी यांची २४ सप्टेंबरला पुण्यतिथी असते. भारतातल्या दूरसंवेदनाचे, म्हणजे लांबून जमीन-पाणी-पीक ओळखण्याच्या शास्त्राचे, ते जनक मानले जातात.

नाव वाचून वाटेल, हे केरळचे, आपला काय संबंध? संबंध आहे. कुलाबा, अलिबाग आणि पुणे या तिन्ही ठिकाणी त्यांनी कारभार पाहिला. आणि ज्या प्रयोगाने त्यांचं नाव झालं, तो प्रयोग होता माडांवर.

पिशारथ राम पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळात पालक्काडजवळच्या कोल्लेंगोड गावी झाला. पदार्थविज्ञान शिकून ते मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकवू लागले. सुट्टी लागली की बंगळुरूला जाऊन सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करायचे. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात गेले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात बिर्कनेस या नामांकित हवामानशास्त्रज्ञाकडे राहून त्यांनी पीएच. डी. मिळवली आणि परत आले.

त्यानंतर कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे ते संचालक झाले. अलिबागची वेधशाळा ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत असेल, तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होते. आधी हे काम कुलाब्यालाच चालायचं. पण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजणीत गडबड होईल म्हणून ते अलिबागला हलवलं. शंभर वर्षांहून जुन्या त्या नोंदी आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. नोंद ठेवणारा एक आणि वापरणारा दुसराच, ही रीत पिशारोटींनी तिथे जवळून पाहिली असणार, असं आपलं माझं मत.

१९६२ मध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था निघाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून पिशारोटींना नेमलं. तिथे असताना त्यांनी एक मुद्दा मांडला तो आपल्या अगदी दारातला आहे. मोसमी पावसाचं पाणी विषुववृत्ताच्या पलीकडून वाहत येतं असं तेव्हा समजत. पिशारोटींनी हिशेब घालून सांगितलं की त्यातला मोठा वाटा आपल्या अरबी समुद्रातूनच वाफ होऊन उठतो. नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी वेगळा हिशेब मांडला आणि पलीकडून येणारी वाफच जास्त असं दाखवलं. म्हणजे त्यांचं सगळं बरोबरच निघालं असं नाही. पण आपला समुद्र नीट मोजायला पाहिजे, हे या वादामुळे सगळ्यांना पटलं.

१९६७ मध्ये विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला नेलं. अवकाश संशोधनाचा उपयोग गरीब देशाच्या शेतीला आणि पाण्याला झाला पाहिजे, हा साराभाईंचा आग्रह होता. पिशारोटी तेव्हा साठीला आले होते. ज्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनचे कागद गोळा करतो, त्या वयात त्यांनी नवीनच शास्त्र हातात घेतलं.

आता माडाची गोष्ट. केरळात माडांना मूळ सुकण्याचा एक रोग आहे. त्या वेळीच तो जवळपास शंभर वर्षं जुना होता. माड लगेच मरत नाही, पण झावळ्या मलूल होतात, पिवळ्या पडतात आणि फळ कमी होत जातं. आगर असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, माडाचं दुखणं डोळ्यांना दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शिवाय बागा हजारो एकरांवर. एकेका माडाखाली उभं राहून वर बघत किती फिरणार?

पिशारोटींनी यावर हवेतून फोटो काढायचं ठरवलं. पण साधे फोटो नव्हेत. निरोगी पान सूर्याच्या उजेडातला एक भाग, ज्याला अवरक्त किरण म्हणतात, तो भरपूर परत फेकतं. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण खास फिल्मवर उमटतो. त्या फिल्मवर धडधाकट झाड लालभडक येतं आणि आजारी झाडाचा लाल रंग फिका पडतो. पानाच्या आतली घडण बिघडू लागली की हा फरक पडतो. त्यामुळे वरून हिरवं दिसणारं झाडही फिल्मवर पकडलं जाऊ शकतं.

१९७० मध्ये केरळच्या कायमकुलम भागात हेलिकॉप्टरमधून हे फोटो काढले. कॅमेरा आणि फिल्म अमेरिकेकडून मिळाली होती. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. पिशारोटी एकटे गेले नाहीत. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले दक्षिणामूर्ती आणि त्यांचे सहकारी बरोबर होते, माडाच्या रोगावर काम करणारेही होते. फोटो बघून हा माड आजारी असं म्हणायचं, तर त्याच माडापाशी जाऊन ते खरं की खोटं हे बघणारा माणूस पाहिजे. ती माणसं त्यांनी पहिल्यापासून बरोबर घेतली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

जमीन पाहण्यासाठी सोडलेला अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली वर गेला. म्हणजे आपल्याकडे माडांचे फोटो निघाले ते त्याच्याही दोन वर्षं आधी.

प्रयोगाने रोग बरा झाला का? नाही. रोगाचं कारण पुढे सापडलं, खात्रीचं औषध अजूनही नाही. पण कुठे किती झाडं लागली हे कळलं तर कुठली तोडायची, नवीन लावणी कुठे करायची हे ठरवता येतं. वादळानंतरच्या पंचनाम्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना याची किंमत कळेल. माझ्या बागेत पडलेले माड मोजायला माणूस आला तोवर निम्मे चुलीत जाऊन राख झाले होते. मोजणार काय?

१९७१ च्या डिसेंबरात साराभाई अचानक गेले. पिशारोटींनी अहमदाबादला दूरसंवेदनाचं काम पुढे नेलं. १९७४-७५ मध्ये आंध्रातल्या अनंतपूर आणि पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यांत हवेतून पिकं ओळखण्याचा प्रयोग कृषी संशोधन परिषदेला बरोबर घेऊन झाला. १९७४ मध्ये हैदराबादला दूरसंवेदनासाठी वेगळी संस्था निघाली आणि काही वर्षांत जवळच्या शादनगरला लँडसॅटची चित्रं उतरवून घेणारं केंद्र उभं राहिलं. १७ मार्च १९८८ रोजी आपला स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह वर गेला. त्याआधीच चित्रं कोणाला, कशासाठी लागणार हे ठरवण्यासाठी शेती, पाणी, जंगल अशा खात्यांना एकत्र बसवणारी राष्ट्रीय व्यवस्था केली होती. उपग्रह नंतर, गिऱ्हाईक आधी. नागपूरला विभागीय केंद्र झालं, राज्याचं स्वतःचं केंद्रही तिथेच आहे.

पिशारोटी मात्र निवृत्तीनंतर पाण्याकडे वळले. त्यांनी एक साधा हिशेब लोकांसमोर ठेवला. वर्षाचे तास ८७६०, आणि देशाच्या बऱ्याच भागात वर्षाचा पाऊस पडतो तो जेमतेम १०० तासांत. तेवढ्या वेळात धरून ठेवलं तर पाणी, नाहीतर गेलं समुद्राला. गुहागर तालुक्यात ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडून मे महिन्यात वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, तेव्हा हा हिशेब आठवतो. गावोगावी पाऊस जिथे पडतो तिथेच अडवावा, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. २४ सप्टेंबर २००२ रोजी ते गेले, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

त्यांच्या वेळी चित्रांची फिल्म मागवावी लागायची, पैसे मोजावे लागायचे. आता इस्रोच्या भुवन आणि भूनिधी या ठिकाणी बरीच चित्रं फुकट बघता येतात. ५ मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं सगळ्यांना खुली करण्याचं धोरण आहे. ढोबळ म्हणजे त्यात एकेक माड दिसणार नाही, पण आगर, खाडी, कातळ दिसेल. अडचण वेगळी आहे. चित्र उघडलं तरी वाचणार कोण? माडांवर पांढरी माशी आली तर पान घेऊन आपण भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारू शकतो. तसं उपग्रहाचं चित्र समजावून देणारं माणूस तालुक्याच्या गावाला मला तरी अजून भेटलेलं नाही.

मासळीच्या बाबतीत मात्र ही साखळी गावापर्यंत पोचली. पाण्याचं तापमान कुठे बदलतं, हिरवट पाणी म्हणजे मासळीचं खाणं कुठे आहे, हे उपग्रहावरून बघतात आणि भाषेवार संदेश काढतात. तांडेल काकांच्या मते यात नवीन काही नाही, त्यांचे वडील पाण्याचा रंग आणि पाखरं बघून हेच करायचे. फरक इतकाच की वडिलांना डोळ्यांपुढचं पाणी दिसायचं आणि उपग्रहाला सगळा किनारा दिसतो. डिझेलचा भाव बघता तो फरक लहान नाही.

परवा संध्याकाळी मी जेटीवर गेलो तेव्हा काका मोबाईल हातात घेऊन बसले होते. ढग असल्यामुळे त्या दिवशी आपल्या भागाची माहिती उपलब्ध नाही, असा संदेश होता. ढगाखालचं पाणी त्या उपग्रहाला दिसत नाही. काकांनी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, खलाशांना हाक मारली आणि पाखरं कुठे उतरतात ते बघत होडी खाडीबाहेर काढली.