पात्रांस नावे देणारे कै. राम गणेश गडकरी

पावसाळ्यात आमच्या कळंबोलीत मैदान चिखलाने भरून जाते व मधल्या सुट्टीत मुलांस वर्गातच बसावे लागते. यंदा नववीच्या काही मुलांनी एक नवा खेळ आणिला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हावे, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी डोंगरातला बुटका खाणकरी; एकाने कथा सांगत जावे आणि संकट आले की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावावा. आरंभी प्रत्येकाने आपल्या पात्राचे नाव कागदावर लिहावयाचे असते. बहुतेकांनी परदेशी चित्रपटांतली नावे उतरून काढिली. एका लहानखुऱ्या मुलाच्या पात्राचे नाव मात्र इतरांनीच ठरविले. ते त्याच्या उंचीवरून होते, आणि आठवडा लोटला नाही तोच सारा वर्ग त्यास खेळाबाहेरही त्याच नावाने हाक मारू लागला. ते नाव मी येथे लिहीत नाही. नाव ठेवणे व नावे ठेवणे यांत एका मात्रेचेच अंतर आहे, हे मला त्या दिवशी नव्याने दिसले. त्या मुलांस मी ज्या पुरुषाची हकीकत सांगितली, तीच येथे देत आहे.

राम गणेश गडकरी यांचा जन्म ता. २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. वडील लवकर वारले व घरची स्थिती ओढगस्तीची झाली. पुढे मराठी शब्दांस हवे तसे खेळविणाऱ्या या लेखकाच्या कानांवर बालपणी गुजराती भाषाच अधिक पडली होती, हे ऐकून आमच्या शाळेतील घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांस धीर यावा. पुण्यास ते शिकावयास आले, फर्ग्युसन कॉलेजातही गेले. परंतु पदवी काही हाती लागली नाही. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांस शिकविण्याचे काम त्यांनी पत्करिले. म्हणजे तेही आमच्यासारखे मास्तरच! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस ते गुरू मानीत.

पात्रांचे बारसे करण्यापूर्वी त्यांनी स्वतःचेच दोनदा केले. कविता लिहिताना ते गोविंदाग्रज होत, म्हणजे गोविंदाचा वडील बंधू. विनोद लिहिताना बाळकराम होत. नाटकास मात्र ते आपले खरे नाव देत. अशी नाटके त्यांच्या हातून चारच पूर्ण झाली, परंतु त्यांतील नावांकडे कोणी बारकाईने पाहील तर त्यास दिसेल की, एकही नाव रिकाम्या जागेत भरलेले नाही.

‘प्रेमसंन्यास’ नाटकात एक विसरभोळा मनुष्य आहे. त्याचे नाव गोकुळ आणि त्याच्या बायकोचे नाव मथुरा. श्रीकृष्ण गोकुळ सोडून मथुरेस गेला तो परत आला नाही, हे ज्याच्या कानी आहे त्यास या जोडीचे हसू आल्यावाचून राहत नाही. ‘पुण्यप्रभाव’ नाटकातील नूपुर, कंकण, किंकिणी ही सारी वाजणारी आभूषणे. विनोदी प्रवेशांत ती रुणझुणतात. ‘राजसंन्यास’ हे संभाजीमहाराजांच्या काळावरील नाटक अपुरेच राहिले, पण त्यातील जिवाजी कलमदाने हा लेखणीबहाद्दर आडनावावरूनच डोळ्यांपुढे उभा राहतो.

सर्वांत खोल नावे मला ‘एकच प्याला’ नाटकात दिसतात. नायकाचे नाव सुधाकर. सुधाकर म्हणजे चंद्र, अमृताची खाण; आणि हाच मनुष्य दारूच्या पेल्यात बुडतो. त्याच्या पत्नीचे नाव सिंधु. समुद्रमंथनात चंद्रही निघाला, सुधाही निघाली आणि सुराही निघाली, ही कथा मनात ठेवून ती दोन नावे शेजारी शेजारी म्हणून पाहावीत. दारूतून बाहेर पडून लोकसेवेस लागणाऱ्या तरुणाचे नाव भगीरथ, म्हणजे गंगेचे पाणी भूमीवर आणणारा. आणि सुधाकराच्या हाती पेला देणारा तो तळीराम. पेल्याचा तळ दिसल्यावाचून ज्याचे समाधान होत नाही असा तो, असे मी समजतो. त्यापुढे भाविकपणे राम जोडिला आहे. बाळकरामातही राम, सुधाकराच्या हितचिंतक रामलालातही राम, तळीरामातही राम! लेखकाने आपले नाव सज्जनास व दुर्जनास सारखेच वाटून दिले. हे जाणून केले की सहज घडले, याचा निर्णय वाचकांनी करावा.

‘भावबंधन’ नाटकातील खलपुरुषाचे नाव घनश्याम आहे. नाव देवाचे, अर्थ मेघासारखा सावळा. लतिका त्याचा उपहास करून अपमान करते आणि त्या एका अपमानातून त्याचा सारा सूड उभा राहतो. येथे आलो तेव्हा टेबलाभोवतीची मुले खाली पाहू लागली, म्हणून मी थोडा वेळ थांबलो.

हे नाटक गडकऱ्यांनी मृत्यूपूर्वी थोडेच दिवस पुरे केले. प्रकृती पार ढासळली होती. ता. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे तेहेतीस वर्षांचे. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणिले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. प्रेक्षक रडले, हसले, आणि नाटकगृहाबाहेर पडताना तळीरामास आपल्याबरोबर घेऊन गेले. आज ज्याने ते नाटक वाचलेले नाही, ज्यास गडकरी कोण हे ठाऊक नाही, तोही मद्यप्यास तळीराम म्हणतो, वर्तमानपत्रेही म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे व्याकरणाच्या तासास शिकविताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. ज्याने ते नाव घडविले त्याने मात्र ते रस्त्यावर कोणाच्या तोंडून एकदाही ऐकिले नाही.

परवा तो लहानखुरा मुलगा आपला कागद घेऊन माझ्याकडे आला होता. पहिले नाव रबराने इतके घासले होते की तेथे कागदास भोक पडले होते. त्याच्या शेजारी त्याने स्वतःच्या हाताने जिवाजी असे लिहिले होते, आणि बुटका खाणकरी आता किल्लेदाराचा चिटणीस झाला आहे, असे त्याने मला सांगितले. चिटणिसाजवळ तलवार असते की नाही, एवढेच त्यास विचारावयाचे होते.