कर्ज सोडा म्हणणारा केन्स

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी आणि कर्ज सोडूनच दिले तर ते अधिक चांगले, असे सुरह बकरामध्ये सांगितले आहे. युद्धाने मोडलेल्या देशांबाबत जवळपास हेच म्हणणारा माणूस मात्र कुठल्याच धर्माचा भक्त नव्हता. तो होता अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स.

१८८३ मध्ये केंब्रिजला जन्मलेल्या केन्सने पहिली नोकरी केली ती लंडनच्या इंडिया ऑफिसात. त्याचे पहिले पुस्तक (१९१३) भारताच्या चलनावर होते. भारतात मात्र तो कधीच आला नाही.

१९१९ च्या पॅरिस तह परिषदेत तो ब्रिटिश अर्थखात्याचा प्रतिनिधी होता. तिथे त्याला एक विचित्र साखळी दिसली. फ्रान्स आणि इटली ब्रिटनचे देणेकरी, हे तिघेही अमेरिकेचे देणेकरी; आणि सगळ्यांचा डोळा उद्ध्वस्त जर्मनीच्या खंडणीवर. केन्सने सुचवले, दोस्त राष्ट्रांनी आपसातली युद्धकर्जे पूर्ण रद्द करावीत आणि जर्मनीकडून झेपेल तेवढेच घ्यावे. यात ब्रिटनलाही पाणी सोडावे लागणार होते, पण सर्वांत मोठी झळ अमेरिकेला होती. अमेरिकेने ऐकले नाही. केन्सने जूनमध्ये राजीनामा दिला आणि वर्षाअखेर तहावर घणाघाती पुस्तक लिहिले. १९२१ मध्ये जर्मनीवर १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांचा बोजा ठरला, १९२३ मध्ये वसुलीसाठी फ्रेंच फौजा रुर खोऱ्यात शिरल्या. १९३२ मध्ये लोझानला ही वसुली जवळपास सोडूनच द्यावी लागली, पण तोवर फार उशीर झाला होता.

दुसऱ्या महायुद्धात बाजू पालटली. आता ब्रिटन कर्जबाजारी होता आणि त्याच्या मोठ्या धनकोंत होता गुलाम भारत! युद्धासाठी इथून माल जाई, मोबदल्यात लंडनच्या खात्यात पौंड जमा होत आणि इथे नोटा छापल्या जात. महागाई भडकली, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. युद्ध संपताना ब्रिटनकडे भारताचे सुमारे १३० कोटी पौंड निघत होते. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ए. डी. श्रॉफ आणि रायगडचे चिंतामणराव देशमुख यांनी हा प्रश्न लावून धरला. हा आमच्या दोघांतला मामला आहे, अशी केन्सची भूमिका होती. पुढे त्याने धनकोंनी यातला काही भाग माफ करावा, अशी योजनाही आखली.

इथे केन्सचा तराजू कलला. श्रीमंत अमेरिकेने सोडणे वेगळे आणि उपाशी भारताने सोडणे वेगळे; हा फरक त्याच्यासारख्या बुद्धिमान माणसाला कळला नसेल, हे पटत नाही. त्याची निष्ठा शेवटी लंडनच्या तिजोरीशी होती.

१९४५ मध्ये हृदयविकाराने खंगलेला केन्स वॉशिंग्टनला मदत मागायला गेला. त्याला देणगी हवी होती. मिळाले ३७५ कोटी डॉलरचे कर्ज, २ टक्के व्याजाने. २१ एप्रिल १९४६ रोजी ससेक्समधल्या घरी तो वारला. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये फेडला. भारताने आपले पौंड माफ केले नाहीत. स्वातंत्र्यानंतर ते हप्त्याहप्त्याने मोकळे होत गेले.