फेलिक्स ब्लॉख

रायपूरच्या रुग्णालयांतून एम.आर.आय. हा शब्द आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. परंतु ज्यांचे गणित त्या यंत्राच्या मुळाशी आहे, त्या फेलिक्स ब्लॉख यांचे नाव क्वचितच कानी पडते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि बदलीच्या नोकरीत परमुलखी रुजलेल्या माणसांची चरित्रे वाचण्याचा छंद आम्हांस जडला. त्यांतच हे एक हाती लागले.

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी झ्यूरिक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांवरील तो प्रबंध आजही पायाभूत मानला जातो. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि या तरुण विद्वानास जर्मनी सोडावा लागला. पुढील वर्षी ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाले.

तेथेच १९४६ साली हॅन्सन व पॅकार्ड यांच्यासह त्यांनी पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय संकेत टिपला. त्याच सुमारास हार्वर्ड येथे पर्सेल व त्यांचे सहकारी पॅराफिन मेणावर स्वतंत्रपणे हेच साधत होते. १९५२ चे नोबेल पारितोषिक ब्लॉख व पर्सेल यांना विभागून मिळाले, हे न्याय्यच झाले.

चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांस रेडिओलहरीने विचलित केले की ती पूर्वस्थितीस येण्यास काही काळ लागतो. ब्लॉख यांनी आपल्या समीकरणांत असे दोन काल मांडले : एक, घेतलेली ऊर्जा भोवतालास परत देण्याचा, दुसरा, एका तालात चाललेले टाळ हळूहळू बेताल व्हावेत तसा, अणुकेंद्रांचा मेळ मोडण्याचा. शरीरातील ऊतींचे हे काल निरनिराळे असल्यामुळेच एम.आर.आय.चे चित्र उमटते.

आम्हांस अधिक नवल वाटते ते रबर आणि प्लास्टिकचे. ही बहुवारिके म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. पॅराफिन हे त्यांचेच आखूड भावंड. रबरातील साखळ्या सतत वळवळत असतात. त्यामुळे शेजारी अणुकेंद्रांचे परस्परांवरील परिणाम बरेचसे पुसले जातात व मेळ सेकंदाच्या सुमारे सहस्रांशापर्यंत टिकतो. कडक प्लास्टिकात साखळ्या जखडलेल्या असतात. तेथे तो काही लक्षांशांतच मोडतो. गंधकाने रबरातील साखळ्या एकमेकींस किती बांधल्या गेल्या, हेही नमुना न कापता या कालावरून अजमावता येते.

स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखविणारे एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि ही विद्या त्यांनी तेथे रुजविली.

१९५४ साली जिनीव्हाच्या सर्न संस्थेचे पहिले महासंचालकपद ब्लॉख यांच्याकडे आले. मायदेशी मानाने परतण्याची ती संधी होती. परंतु प्रशासनात त्यांचे मन रमले नाही. पुढील वर्षीच ते स्टॅनफर्डला आपल्या संशोधनाकडे परतले. फायलींत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास हा निर्णय सहज समजतो. १० सप्टेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले, ते मात्र झ्यूरिक येथेच.